ब्राउझरचा नट्टापट्टा उतरवला की काय होतं?

दसरा झाला की आमच्या मजल्यावर चकलीच्या भाजणीचा वास सुरू होतो. नौपाड्यातली जुनी इमारत, दारं समोरासमोर, त्यामुळे शेजारच्या काकूंकडे फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या की आम्हाला वासावरूनच कळतं. काकू आता ऑर्डरी वहीत लिहीत नाहीत, ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या तक्त्यात भरतात. लॅपटॉप भाच्याचा जुना आहे. भाचा घणसोलीला आयटी कंपनीत कामाला, त्याने नवा घेतला तेव्हा हा काकूंकडे आला. ४ जीबी रॅम, १३६६ बाय ७६८ चा स्क्रीन, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १०.

परवा संध्याकाळी त्यांनी हाक मारली. "अगं, जरा बघून जातेस का? मेनूवर क्लिक केलं की आधी धुरकट होतं, मग तो मेनू सावकाश खाली येतो, मध्येच अडकतो. तोवर फोनवरचं गिऱ्हाईक ताटकळतं."

मी शेजारी बसले. काकूंनी माऊसचं चाक एक खटका फिरवलं. पान थोडं सरकलं, थबकलं, मग धक्का दिल्यासारखं पुढे गेलं. 'चिवडा २ किलो' टाइप केलं तर 'चि' उमटेपर्यंत बोटं 'किलो'वर पोचलेली. नेट मात्र ठणठणीत होतं. त्याच वायफायवर त्यांच्या मोबाईलवर कीर्तनाचा व्हिडिओ बिनतक्रार चालू होता.

'ब्राउझर स्लो झालाय' असं आपण एका दमात म्हणून टाकतो, पण दुखणी वेगवेगळी असतात. पानच उशिरा येत असेल तर ते नेटचं किंवा त्या साइटचं दुखणं. वीस टॅब उघडून लॅपटॉप घुसमटला असेल तर ते मेमरीचं. आणि पान आलेलं आहे, टॅबही दोनच आहेत, तरी हात लावल्यावर सगळं अडखळत हलतंय, तर बहुतेक वेळा ते चित्र रंगवण्याचं दुखणं असतं. ब्राउझरची सजावट, म्हणजे सरकणारे मेनू, सावल्या, धुरकट काचा, बंद केल्याचा फायदा मुख्यतः या शेवटच्या दुखण्याला होतो. बाकीच्या दोघांसाठी औषध वेगळं, आणि हे आधी ओळखलं नाही तर अर्धा दिवस चुकीच्या सेटिंगमध्ये जातो.

मी वेबसाइटी बनवण्याचं काम करते, ऐरोलीला ऑफिस आहे. तो धुरकट होणारा मेनू आम्हीच लोक बनवतो. आमच्या ऑफिसातल्या मशिनवर तो लोण्यासारखा सरकतो, म्हणून नौपाड्यातल्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर तो काय करतो हे आम्हाला दिसतच नाही. म्हणूनच हे नीट समजावून सांगावंसं वाटतं.

साधारण लॅपटॉपचा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा नवं चित्र दाखवतो. म्हणजे एका चित्रासाठी ब्राउझरच्या हातात १६.७ मिलिसेकंद असतात. तेवढ्यात चित्र तयार झालं नाही, तर ती वेळ हुकते आणि जुनंच चित्र पुन्हा दिसतं. ठाणे स्टेशनवर जिन्यात असताना लोकल सुटली तर अर्धी लोकल काही मिळत नाही, पुढचीच पकडावी लागते, तसंच. १७ मिलिसेकंद लागले तरी ३३ व्या मिलिसेकंदालाच दर्शन. अशा चार-पाच वेळा लागोपाठ हुकल्या की डोळ्यांना तो धक्का जाणवतो.

काकूंच्या स्क्रीनवर १३६६ गुणिले ७६८, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके आहेत. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ४ बाइट धरले तर एक पूर्ण चित्र ४.२ एमबीचं होतं, आणि सेकंदाला ६० म्हणजे अडीचशे एमबी. पान शांत उभं असतं तेव्हा यातलं जवळपास काहीच नव्याने करावं लागत नाही, आधीचं चित्र तसंच ठेवता येतं. काहीतरी हलायला लागलं की कामाला सुरुवात होते. आणि हलण्याहलण्यात फार फरक आहे.

गडकरी रंगायतनला नाटकाला गेला असाल तर रंगमंचावर मागे रंगवलेला पडदा असतो तो आठवा. तो पडदा ओढून बाजूला न्यायचा असेल तर एक माणूस आणि एक दोरी पुरे. त्याच्यावरचा प्रकाश मंद करायचा असेल तर एक बटण. पण 'या पडद्यावरच्या झाडाची सावली जरा लांब करा' म्हटलं, की रंगारी बोलवावा लागतो, रंग कालवावे लागतात. आणि पहिल्या रांगेतली एक खुर्ची वीतभर रुंद केली तर शेजारच्या खुर्च्या सरकतात, वाट अरुंद होते, मागच्या रांगांचे नंबर बदलतात, सगळं प्रेक्षागृह नव्याने मांडावं लागतं.

ब्राउझरमध्ये हीच तीन कामं आहेत. कुठली गोष्ट कुठे बसणार याची मांडणी म्हणजे लेआउट. मग रंगकाम, म्हणजे पेंट. आणि रंगवून झालेले थर एकावर एक ठेवून अंतिम चित्र करणं, त्याला कंपोझिट म्हणतात. एखादा थर नुसता सरकवला किंवा फिकट-गडद केला तर काम कंपोझिटवर भागतं, आणि ते ग्राफिक्स चिप चुटकीसरशी करते. सावली पसरवली, कडा बदलल्या, तर पुन्हा रंगकाम. एखाद्या चौकटीची उंची हळूहळू वाढवत नेली तर दर चित्राला पूर्ण मांडणी, मग रंगकाम, मग थर. म्हणजे स्क्रीनवर दिसायला सारखेच वाटणारे दोन मेनू, एक सरकत खाली येणारा आणि एक उंची वाढवत उघडणारा, पण मशिनला पडणाऱ्या कष्टांत जमीन-अस्मानाचा फरक.

सगळ्यांत महागडी हौस मात्र धुरकट काचेची. मेनूच्या मागचं पान अस्पष्ट दिसतं ना, ते. अस्पष्ट करायचं म्हणजे प्रत्येक ठिपक्याला त्याच्या आजूबाजूच्या ठिपक्यांची सरासरी द्यायची. समजा २० ठिपक्यांपर्यंतचे शेजारी धरले, तर आडवे ४१ आणि उभे ४१, म्हणजे एका ठिपक्यासाठी १६८१ ठिपके वाचायचे. प्रत्यक्षात आधी आडवी आणि मग उभी अशा दोन फेऱ्यांत हे उरकतात, तरी ८२ होतातच. मेनू ३०० बाय ४०० चा असेल तर १ लाख २० हजार ठिपके, गुणिले ८२, सुमारे ९८ लाख वाचनं. हे एका चित्राचं झालं. मेनू उघडायला पाव सेकंद घेतो, त्यात १५ चित्रं. म्हणजे पावणेपंधरा कोटी वाचनं, आणि कशासाठी, तर 'ऑर्डर कॅन्सल' हे दोन शब्द दिसावेत म्हणून. चांगली ग्राफिक्स चिप हे हसत करते. काकूंच्या लॅपटॉपमधल्या चिपला स्वतःची मेमरीही नाही, ती त्या ४ जीबीमध्येच वाटेकरी आहे.

काचेची ही हौस जुनी आहे. २००७ साली विंडोज व्हिस्टामध्ये काचेसारख्या खिडक्या आल्या, २०१२ च्या विंडोज ८ मध्ये त्या गेल्या, मग वेगळ्या नावाने परत आल्या. २०२५ मध्ये ॲपलने आपल्या सगळ्या उपकरणांना पुन्हा काचेचंच रूप दिलं. म्हणजे हा प्रश्न इतक्यात मिटणार नाही.

आता इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ॲनिमेशन बंद केल्यावर दोन वेगळ्या गोष्टी वाचतात. एक म्हणजे वर सांगितलेले कष्ट. दुसरी म्हणजे थांबणं. मेनू पाव सेकंदात उघडेल असं आम्ही लिहिलेलं असतं, तेव्हा जगातल्या सर्वांत वेगवान कॉम्प्युटरवरही तो पाव सेकंदच घेतो. ती वाट आम्ही मुद्दाम घातलेली असते. माणसाला ०.१ सेकंदाच्या आत उत्तर मिळालं तर ते 'लगेच' मिळालं असं वाटतं, ही मर्यादा वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी १९९३ मध्ये मांडली आणि आमच्या व्यवसायात ती आजही धरून चालतात. पाव सेकंद म्हणजे त्याच्या अडीचपट. दिवसभरात ४०० क्लिक धरले तर सगळे मिळून १०० सेकंद वाचतील, घड्याळात बघितलं तर फार नाही. पण हाताला फरक लगेच कळतो, कारण क्लिक आणि उत्तर यांच्यामधली फट बुजते. म्हणून नव्या, भारी लॅपटॉपवाल्यांनीही हे करून पाहावं असं माझं मत आहे.

करायचं कुठे? लोक ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शोधतात, पण खरी कळ त्याच्या खाली, विंडोजमध्ये आहे. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, ईज ऑफ ॲक्सेस, डिस्प्ले असं जायचं. तिथे 'शो ॲनिमेशन्स इन विंडोज' आणि 'शो ट्रान्स्परन्सी इन विंडोज' अशी दोन बटणं आहेत, दोन्ही बंद. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स, आणि तिथे ॲनिमेशन इफेक्ट्स व ट्रान्स्परन्सी इफेक्ट्स. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली 'रिड्यूस मोशन' आणि 'रिड्यूस ट्रान्स्परन्सी'. अँड्रॉइड फोनवर ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'रिमूव्ह ॲनिमेशन्स'. बदल केल्यावर ब्राउझर एकदा बंद करून उघडावा.

विंडोजमधलं एक बटण ब्राउझरला कसं कळतं? क्रोम, एज, फायरफॉक्स, तिघेही ही खूण विंडोजकडून वाचतात. टॅब उघडताना-मिटताना होणारी स्वतःची हालचाल ते थांबवतात, आणि शिवाय उघडलेल्या साइटला निरोप देतात की या वाचकाला हालचाल कमी हवी आहे. या निरोपाचं तांत्रिक नाव 'प्रीफर्स रिड्यूस्ड मोशन'. सफारीने तो २०१७ मध्ये, फायरफॉक्सने २०१८ मध्ये आणि क्रोमने २०१९ मध्ये ओळखायला सुरुवात केली. विंडोज जसं आहे तसं ठेवून फक्त फायरफॉक्सला शांत करायचं असेल तर त्याच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत अबाउट, कोलन, कॉन्फिग असं टाइप करून उघडणाऱ्या पानावर 'यूआय डॉट प्रीफर्सरिड्यूस्डमोशन' नावाची नोंद नंबर प्रकारची म्हणून जोडून तिची किंमत १ करता येते. नाव इंग्रजीत, मधल्या रिड्यूस्डचा आर आणि मोशनचा एम मोठा. फायरफॉक्सच्या साध्या सेटिंग्जमध्ये, जनरलखाली, 'यूज स्मूद स्क्रोलिंग'ची खूणही काढता येते. ती काढली की माऊसच्या एका खटक्याला पान सरकत न जाता थेट पुढच्या जागी जातं, नऊ-दहा चित्रांऐवजी एकच काढावं लागतं.

काकूंच्या लॅपटॉपवर मी ही बटणं बंद केली. मेनूवर क्लिक केलं आणि तो समोर. काकूंनी चार-पाच वेळा उघडून मिटून पाहिला. "एवढंच होतं होय?" म्हणाल्या. पण माझं समाधान झालं नव्हतं, कारण स्क्रोल अजूनही चिकटत होता. १३६६ बाय ७६८ च्या साध्या तक्त्याला एवढं जड जायला नको.

मग क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स चिप) असं टाइप केलं. हे पान दिसायला रुक्ष आहे, पण पहिल्या दहा ओळी वाचाव्यात. तिथे कुठलं काम ग्राफिक्स चिप करतेय आणि कुठलं नाही याची यादी असते. 'हार्डवेअर ॲक्सिलरेटेड' लिहिलं असेल तर उत्तम. काकूंच्याकडे ओळीमागून ओळ 'सॉफ्टवेअर ओन्ली'. म्हणजे ग्राफिक्स चिप स्वस्थ बसलेली आणि सगळे पडदे, दोऱ्या, रंगकाम त्या बिचाऱ्या दोन कोअरच्या प्रोसेसरच्या गळ्यात. डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले ॲडाप्टर्स पाहिलं, तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर'. चिपचा खरा ड्रायव्हर, म्हणजे तिच्याकडून काम करून घेणारा प्रोग्राम, नसला की विंडोज हा कामचलाऊ ड्रायव्हर लावून वेळ मारून नेतं.

"काकू, मध्ये कुणाकडे दिला होता का हा?"

"हो, उन्हाळ्यात विंडोज नव्याने टाकून आणलं एका दुकानातून."

विंडोज टाकलं, ड्रायव्हर टाकायचा राहिला. पाच महिने काकू सावकाश लॅपटॉपला स्वतःचं वय समजून सहन करत होत्या, याचं मला फार वाईट वाटलं. विंडोज अपडेटमध्ये 'व्ह्यू ऑप्शनल अपडेट्स' असतं, त्यात ड्रायव्हर अपडेट्सखाली तो दिसला. उतरवला, रीस्टार्ट केलं, पुन्हा ते जीपीयूचं पान उघडलं तर ओळी हिरव्या.

यावरून एक सल्ला आठवला, जो इकडून तिकडे फिरत असतो: ब्राउझर हळू चालत असेल तर 'ग्राफिक्स ॲक्सिलरेशन' बंद करा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये, सिस्टिमखाली हे बटण खरंच आहे. पण कृपा करून ते सजावटीचं बटण समजू नका. ते बंद केल्याने एकही सावली, एकही धुरकट काच कमी होत नाही. फक्त ती रंगवण्याचं काम चिपकडून काढून प्रोसेसरवर टाकलं जातं, म्हणजे काकूंच्या लॅपटॉपवर जे अपघाताने झालं ते आपण हाताने करतो. स्क्रीनवर पट्टे येत असतील, व्हिडिओ काळा दिसत असेल, तर ड्रायव्हर बिघडलाय का हे पाहायला तात्पुरतं बंद करावं. एरवी ते चालूच असू द्या.

कुठली साइट मशिनला किती राबवते हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर त्याचीही सोय आहे. क्रोममध्ये एफ १२ दाबा, उघडलेल्या खिडकीतल्या तीन टिंबांतून मोअर टूल्स, तिथे रेंडरिंग, आणि 'पेंट फ्लॅशिंग'वर खूण करा. आता पानाचा जो भाग नव्याने रंगवला जातो तिथे हिरवी चौकट चमकते. मी काकूंना त्यांचा तक्ता दाखवला: अक्षर टाइप केलं की तेवढ्याच चौकोनावर हिरवं. मग एका बातम्यांच्या साइटवर नेलं. आम्ही दोघी हात मांडीवर ठेवून बसलो होतो, माऊसला कुणी शिवलं नव्हतं, आणि वरची पळती पट्टी, मधली फिरती जाहिरात, कोपऱ्यातला आपोआप चालू झालेला व्हिडिओ, सगळीकडे हिरव्या चौकटींचा नुसता लखलखाट. काकू बराच वेळ बघत राहिल्या. "म्हणजे आपण काही करत नसलो तरी हा राबतोच आहे," म्हणाल्या. अगदी तेच.

अशा साइटवर विंडोजच्या बटणाचा उपयोग अर्धवट होतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ब्राउझर निरोप देतो, पण तो ऐकायचा की नाही हे साइट बनवणाऱ्याच्या हातात असतं. वेबच्या सुलभतेच्या नियमांत २००८ पासून लिहिलेलं आहे की आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांपेक्षा जास्त हलत राहणारी गोष्ट थांबवायची सोय वाचकाला हवी. कितीतरी साइटी ती देत नाहीत. तिथे फायरफॉक्स किंवा एजमध्ये एफ ९ दाबून वाचन दृश्य उघडावं, मजकूर उरतो आणि बाकी सगळं गळून पडतं. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ऑटोप्ले शोधून आवाज आणि व्हिडिओ दोन्ही आपोआप चालू होणं अडवता येतं. आणि कुठला टॅब सगळ्यांत जास्त खातोय ते क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की दिसतं. तिथे एखादं एक्सटेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, वर तरंगताना दिसलं आणि ते कशासाठी टाकलं होतं हेच आठवत नसेल, तर काढून टाका.

निघताना काकू एक वेगळीच गोष्ट बोलल्या. "ते पान सरकायला लागलं ना, की मला गरगरायचं. मला वाटायचं चष्म्याचा नंबर बदलला."

तेव्हा मी त्यांना सांगितलं की ही बटणं ॲक्सेसिबिलिटीच्या घरात का आहेत. ती मुळात वेगासाठी नाहीतच. २०१३ मध्ये आयफोनची आयओएस ७ आली, तिच्यात ॲप उघडताना स्क्रीन झेपावल्यासारखा पुढे यायचा, मागचं चित्र फोन कलेल तसं हलायचं. अनेकांना मळमळ आणि चक्कर सुरू झाली. आपला तोल कानाच्या आतला भाग सांभाळतो. डोळे म्हणतात आपण हलतोय, कान म्हणतो बसलोय, आणि या भांडणात डोकं गरगरतं. ज्यांना मुळातच चक्करेचा त्रास आहे त्यांना हे फार जाणवतं. 'हालचाल कमी करा' हे बटण आणि साइटपर्यंत पोचणारा तो निरोप अशा माणसांसाठी आहे. मशिनचे कष्ट वाचतात तो वरचा लाभ. काकूंना गेल्या वर्षी चक्करेसाठी गोळ्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. साइट बनवताना हा निरोप ऐकायला आमच्या बाजूला चार-पाच ओळी लिहाव्या लागतात, फार नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला पोचल्यावर मी आमच्या चालू कामात त्या आहेत का ते आधी पाहिलं. दोन ठिकाणी नव्हत्या. घातल्या.

दोन दिवसांनी काकूंचा एक प्रश्न आला. ऑर्डरींचं झकास चाललंय, पण दुपारी पेपर वाचताना पान एकदम उडी मारतं आणि कुठली ओळ वाचत होते ते हरवतं. ही अडचण खरी आहे, सरकतं पान डोळ्यांना धरून नेतं आणि उडी मारणारं सोडून देतं. मी म्हटलं, वाचताना माऊसचं चाक फिरवू नका, कीबोर्डवरची खालच्या बाणाची कळ दाबा, पान एका वेळी दोन-तीन ओळीच सरकतं. आज सकाळी चकल्यांचा डबा द्यायला आल्या तेव्हा मी आत जाऊन पाहिलं. सगळा कीबोर्ड काळा, आणि ती एक कळ भाजणीने पांढुरकी झालेली.